जमीन कंपनीची, आकाश सरकारचे

२२ मे २००८ रोजी कर्नाटक विधानसभा निवडणुकीच्या तिसऱ्या आणि अखेरच्या टप्प्याचे मतदान आटोपले. मतमोजणी २५ मे रोजी व्हायची होती. राज्यात राष्ट्रपती राजवट होती. मतदान आणि निकाल यांच्या मधल्या या तीन दिवसांत, २३ मेच्या मध्यरात्री, बंगळुरूच्या सार्वजनिक जीवनातला एक मोठा निर्णय कोणताही समारंभ न होता अमलात आला. शहरातल्या एचएएल विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक थांबली आणि सुमारे पस्तीस किलोमीटर उत्तरेला देवनहळ्ळी येथे नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी गजबजली. निवडून आलेले सरकार त्या रात्री राज्यात नव्हते. बी. एस. येडियुरप्पा यांचा शपथविधी झाला तो ३० मे रोजी.

नवा विमानतळ सुरू झाल्याचा आनंद बहुतेकांना होता. तक्रार होती ती जुना बंद होण्याची. सरकारी मालकीचा, चालू स्थितीतला, मध्यवस्तीपासून जवळचा विमानतळ प्रवाशांसाठी का बंद व्हावा, या प्रश्नाचे उत्तर धावपट्टीच्या लांबीत किंवा प्रवाशांच्या संख्येत शोधून सापडणारे नव्हते. ते चार वर्षांपूर्वी दिल्लीत झालेल्या एका करारात होते. देशातील नागरी विमानतळ सरकार कसे चालवते, त्यातले काय आपल्याकडे ठेवते आणि काय सोडून देते, हे समजून घ्यायचे असेल तर बंगळुरूइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. त्या कराराची एक मुदत आता, २०३३ मध्ये, संपत आली आहे. म्हणून हा हिशेब नव्याने मांडणे अगत्याचे आहे.

वालचंदांची धावपट्टी

एचएएल विमानतळाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश सरकारने दोन वर्षांच्या आत ती आपल्या ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर ती भारत सरकारची झाली आणि १९६४ मध्ये तिचे रूपांतर हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये झाले. खासगी उद्योजकाने सुरू केलेले काम सरकारने घ्यावे, आणि साठ-सत्तर वर्षांनी त्याच शहरात सरकारने विमानतळ खासगी भागीदारांच्या हाती सोपवावा, असा हा उलटा प्रवास आहे.

कारखान्याच्या या धावपट्टीवर नागरी विमाने उतरू लागली तेव्हा व्यवस्था दुहेरी होती. धावपट्टी संरक्षण खात्याच्या अखत्यारीतील एचएएलची आणि प्रवासी इमारत विमानतळ प्राधिकरणाची. माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीने प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढली आणि ही इमारत अपुरी पडू लागली. नव्या विमानतळाची गरज नव्वदीच्या दशकातच सर्वांना पटली होती. टाटा, अमेरिकेची रेथिऑन आणि सिंगापूरचे चांगी विमानतळ यांचा समूह त्यासाठी पुढे आलाही होता, परंतु सरकारी दिरंगाईला कंटाळून १९९८ मध्ये त्याने अंग काढून घेतले. नवा विमानतळ झाल्यावर जुन्याचे काय करायचे, हा तेव्हाही वादाचा मुद्दा होता. त्या अनुभवातून दिल्ली आणि बंगळुरू या दोन्हीकडच्या सरकारांनी एक धडा घेतला. गुंतवणूकदार हवा असेल तर त्याला प्रतिस्पर्धी नसल्याची हमी द्यावी लागेल, हा तो धडा. पुढे या हमीनेच गुंता केला.

दीडशे किलोमीटरची रेघ

नव्याने स्थापन झालेल्या बंगलोर इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड, म्हणजेच बीआयएएल, या कंपनीत जर्मनीच्या सीमेन्सचा ४० टक्के, झुरिच विमानतळ आणि लार्सन अँड टुब्रो यांचा प्रत्येकी १७ टक्के वाटा होता. उरलेला २६ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरण आणि कर्नाटक सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी निम्मा-निम्मा घेतला. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय आणि ही कंपनी यांच्यात ५ जुलै २००४ रोजी सवलत करार झाला. केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार येऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता आणि या खात्याची सूत्रे गोंदियाच्या प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होती. वाटाघाटी मात्र आधीच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या काळापासून चालल्या होत्या. बंगळुरूत त्यांना गती दिली ती एस. एम. कृष्णा यांच्या काँग्रेस सरकारने. तेव्हा या कराराचे श्रेय किंवा दोष एकाच पक्षाच्या पदरात टाकता येत नाही.

कराराच्या अटी पाहण्याजोग्या आहेत. विमानतळ चालवण्याचा हक्क तीस वर्षांचा आणि पुढे आणखी तीस वर्षे वाढवून घेण्याची मुभा. राज्य सरकारकडून सुमारे चार हजार एकर जमीन भाडेपट्ट्याने आणि ३५० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज. केंद्राला एकूण महसुलाच्या ४ टक्के सवलत शुल्क, तेही पहिल्या दहा वर्षांचे पुढे ढकलून नंतर हप्त्यांनी. आणि या सर्वांवर कळस म्हणजे विमानतळ सुरू झाल्यापासून पंचवीस वर्षे, दीडशे किलोमीटरच्या हवाई अंतरात, नव्या किंवा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या दुसऱ्या विमानतळाला मज्जाव. अपवाद केवळ म्हैसूर आणि हासन यांचा. एचएएलचे दरवाजे बंद झाले ते याच कराराने.

ही अट अवाजवी होती काय? गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिले तर नव्हती. ओसाड माळरानावर शेकडो कोटी ओतणाऱ्याला उद्या सरकारच शहराच्या जवळ दुकान थाटणार नाही, याची खात्री हवी असते. अशा खात्रीवाचून बँका कर्ज देत नाहीत. आणि देवनहळ्ळीचा विमानतळ अपयशी ठरला, असे त्याचा कट्टर टीकाकारही म्हणू शकणार नाही. २०१३ मध्ये त्याला शहराचे संस्थापक केंपेगौडा यांचे नाव मिळाले. २०१९ मध्ये दुसरी धावपट्टी आणि २०२२ मध्ये दुसरे टर्मिनल झाले. २०२४-२५ मध्ये चार कोटींहून अधिक प्रवाशांनी त्याचा वापर केला. एचएएलची धावपट्टी हा भार पेलू शकली नसती.

अडचण आहे ती निर्णयाच्या पद्धतीत. अशा कराराला संसदेची मंजुरी लागत नाही. तो कार्यकारी अधिकाराचा भाग मानला जातो. लोकप्रतिनिधींनी त्याची खरी दखल घेतली ती वेळ टळून गेल्यावर. २००८ च्या मार्चमध्ये बंगळुरूचा एचएएल आणि हैदराबादचा बेगमपेट विमानतळ बंद करू नयेत, यासाठी प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर काम बंद केले. सीताराम येचुरी यांच्या अध्यक्षतेखालील वाहतूक, पर्यटन व संस्कृतीविषयक संसदीय स्थायी समितीने दोन्ही जुने विमानतळ चालू ठेवण्याची शिफारस केली. कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या. कराराचा शब्द मात्र सर्वांना पुरून उरला. संसदीय समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, कंपनीशी केलेला करार असतो, हे त्या वेळी उघडपणे दिसले.

एक प्राधिकरण, चार खुर्च्या

या सगळ्यात विमानतळ प्राधिकरणाची जागा कोठे आहे? १९७२ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांसाठी एक आणि १९८६ साली उर्वरित विमानतळांसाठी दुसरे, अशी दोन प्राधिकरणे अस्तित्वात आली. १९९४ च्या कायद्यान्वये ती १ एप्रिल १९९५ रोजी एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण निर्माण झाले. त्याचे मुख्यालय दिल्लीत सफदरजंग विमानतळाशेजारच्या राजीव गांधी भवनात आहे. कामकाज एखाद्या सरकारी कंपनीसारखे चालत असले तरी ते संसदेच्या कायद्याने जन्मलेले आहे आणि पर्यायाने संसदेला उत्तरदायी आहे. मोठे, छोटे आणि हवाई दलाच्या तळांवरील नागरी कक्ष मिळून सव्वाशेहून अधिक विमानतळांचा कारभार त्याच्याकडे आहे.

२००३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी झाली. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई खासगी समूहांकडे गेले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कर्मचाऱ्यांनी चार दिवस संप केला, सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी आदळआपट केली, परंतु निर्णय फिरला नाही. २०१९ च्या निविदांत अहमदाबाद, जयपूर, लखनौ, तिरुवनंतपुरम, गुवाहाटी आणि मंगळुरू हे सहाही विमानतळ अदानी समूहाला मिळाले. सत्तेवरची आघाडी बदलली, पण खात्याची दिशा तीच राहिली.

बंगळुरूच्या प्रवाशाला सर्व काही एकाच कंपनीचे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या प्रवासाचे अनेक तुकडे अनेकांच्या हाती असतात. धावपट्टी आणि टर्मिनल बीआयएएलचे. दाराशी उभा जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. पारपत्र तपासणारा अधिकारी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला. विमानतळाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. तिकिटातले विमानतळ शुल्क ठरवणार २००९ पासून कार्यरत असलेले आर्थिक नियामक प्राधिकरण. आणि विमान हलू लागले की मनोऱ्यातून येणारा आवाज असतो विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रकाचा.

हा शेवटचा भाग सामान्यांच्या फारसा ध्यानात येत नाही. विमानतळ खासगी झाले, आकाश झालेले नाही. सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल हवाई क्षेत्राचे नियंत्रण आजही प्राधिकरणाकडे आहे. बंगळुरूत तर हे काम विशेष नाजूक. एका बाजूला येलहंक्याचा हवाई दलाचा तळ, दुसऱ्या बाजूला एचएएलची चाचणी उड्डाणे, आणि दर दोन वर्षांनी भरणाऱ्या एरो इंडिया प्रदर्शनात काही तास नागरी वाहतूक थांबवण्याची वेळ. या सर्वांचा मेळ घालूनच केंपेगौडावरची विमाने उतरवली जातात. प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रहाधारित दिशादर्शन प्रणालीचे मुख्य नियंत्रण केंद्रही याच शहरात आहे. सरकारी यंत्रणेला आधुनिक काम जमत नाही, हा समज खोडून काढायला एवढे पुरे.

परंतु याच कामाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, तेही दिसले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय स्थायी समितीने हवाई वाहतूक नियंत्रकांची कमतरता आणि त्यांच्यावरील ताण यांकडे लक्ष वेधले. तीन महिने उलटतात न उलटतात तोच दिल्लीत संदेशवहनाची स्वयंचलित प्रणाली कोलमडली आणि शेकडो विमानांना विलंब झाला. टर्मिनलचे झगमगते छत छायाचित्रात येते. मनोऱ्यातली जुनी यंत्रणा येत नाही. पैसा आणि राजकीय लक्ष कोणत्या बाजूला वळते, ते सांगायला नको.

नफा तिकडे, छोटे विमानतळ इकडे

आता पैशाचा प्रश्न. दिल्लीच्या विमानतळाच्या महसुलातील ४५.९९ टक्के आणि मुंबईच्या महसुलातील ३८.७ टक्के वाटा करारान्वये प्राधिकरणाला द्यावयाचा आहे. शिवाय दोन्हीकडे त्याची २६ टक्के मालकी आहे. बंगळुरूत महसुलातले ४ टक्के जातात ते केंद्र सरकारकडे, आणि प्राधिकरणाच्या हाती असतो तो १३ टक्के भागीदारीचा लाभांश, कंपनी देईल तेव्हा आणि देईल तेवढा. दिल्ली-मुंबईचे विमानतळ चालू आणि कमावते होते, बंगळुरूचा शून्यातून उभारायचा होता, हा फरक खरा. तरीही देशातील तिसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाची वाढ सार्वजनिक तिजोरीत किती उतरते, हा प्रश्न राहतोच. खासगी भागीदार दरम्यान बदलत गेले. सीमेन्स गेली, लार्सन गेली, हैदराबादचा जीव्हीके समूह आला आणि गेला. आज बहुमताची मालकी कॅनडातील फेअरफॅक्स समूहाकडे आहे. सरकारचे दोन १३ टक्के मात्र जागचे हललेले नाहीत.

या पैशाशी बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाचा संबंध थेट आहे. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या बेळगावकराला गावी जायचे तर तो देवनहळ्ळीत खासगी विमानतळावर चढतो आणि सांबऱ्याला प्राधिकरणाच्या विमानतळावर उतरतो. सांबऱ्याचे नवे टर्मिनल २०१७ मध्ये आणि कोल्हापूरचे २०२४ मध्ये झाले, ते प्राधिकरणानेच उभारले. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत समूहाच्या स्टार एअरने जानेवारी २०१९ मध्ये बंगळुरू-हुबळी मार्गाने सुरुवात केली, त्यामागेही केंद्राची ‘उडान’ योजना आणि अशा लहान विमानतळांचे जाळे होते. दिवसाला मोजकी विमाने येणाऱ्या ठिकाणी टर्मिनल, अग्निशमन दल, नियंत्रण मनोरा आणि सुरक्षा हा सगळा खर्च तिकिटातून निघत नाही. तो मोठ्या विमानतळांच्या नफ्यातून भरून काढायचा, हीच देशव्यापी प्राधिकरण ठेवण्यामागची मूळ कल्पना.

नॉर्वेने ती उघडपणे स्वीकारली आहे. तेथील ‘अव्हिनोर’ ही पूर्ण सरकारी मालकीची कंपनी चाळीसहून अधिक विमानतळ चालवते आणि ऑस्लोसारख्या नफ्यातील विमानतळांच्या कमाईवर डोंगरदऱ्यांतल्या धावपट्ट्या जगवते. स्पेनने २०१५ मध्ये ‘एना’ ही विमानतळ कंपनी शेअर बाजारात आणली, पण ५१ टक्के मालकी हातची सोडली नाही. उलट ब्रिटनने १९८७ मध्ये लंडनचे तिन्ही मोठे विमानतळ एकाच कंपनीत ठेवून तिचे खासगीकरण केले. बावीस वर्षांनी तेथील स्पर्धा आयोगाला गॅटविक आणि स्टॅन्स्टेड विकण्याचा आदेश द्यावा लागला.

भारताने यातला कोणताही एक मार्ग धरलेला नाही. कमावते विमानतळ एकेक करून बाहेर गेले, छोट्यांची जबाबदारी मात्र मागे राहिली. ही विसंगती सरकारच्याही लक्षात आली असावी. २०२१ मध्ये प्राधिकरणाने ६ मोठ्या विमानतळांना ७ छोटे जोडून ते एकत्र भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव मान्य केला. त्याच वर्षी संसदेने नियामक कायदा दुरुस्त करून अशा गटांसाठी एकत्रित शुल्क ठरवण्याची तरतूद केली. म्हणजे मोठ्याने लहानाला पोसायचे, हे तत्त्व कायम राहील. पोसणारा मात्र यापुढे सरकारी असेलच असे नाही, आणि लहानाच्या वाटणीला किती येईल हे करारातल्या बारीक अक्षरांवर ठरेल.

२०३३ च्या उंबरठ्यावर

दीडशे किलोमीटरची अट मे २०३३ मध्ये संपेल. विमानतळ उभारायला सात-आठ वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर निर्णयाची वेळ आजचीच. कर्नाटक सरकारने कनकपुरा रस्ता आणि नेलमंगल परिसरातील जागा सुचवल्या असून प्राधिकरणाच्या पथकाने एप्रिल २०२५ मध्ये त्यांची पाहणी केली. तिकडे तामिळनाडूचे मुख्यमंत्री असताना एम. के. स्टालिन यांनी जून २०२४ मध्ये विधानसभेत होसूर येथे दोन हजार एकरांवर, वर्षाला तीन कोटी प्रवाशांच्या क्षमतेचा विमानतळ उभारण्याची घोषणा केली. होसूर राज्याच्या सीमेपलीकडे असले तरी रेघेच्या आत आहे. दोन राज्यांची ही चढाओढ उद्या दिल्लीच्या दारात येणार, हे ओघानेच आले.

येथे प्राधिकरण किती खुर्च्यांवर बसले आहे ते पाहावे. जुन्या विमानतळात ते भागीदार आहे. नव्या जागा योग्य की अयोग्य, याचा सल्लागार तेच. दोन्हींवरचे आकाश सांभाळणार तेच. आणि बेळगाव-हुबळीसारखे या जाळ्यातले छोटे विमानतळ चालवणारही तेच. कर्नाटक सरकारही मागे नाही. ते आजच्या विमानतळाचे १३ टक्के मालक आणि उद्याच्या विमानतळाचे प्रवर्तक आहे. कोणाच्याही हेतूवर शंका न घेता म्हणता येते, की एकाच संस्थेने स्पर्धक आणि पंच अशा दोन्ही भूमिका वठवू नयेत.

मुंबईचा अनुभव यासाठी उपयोगी पडावा. मुंबईच्या खासगी विमानतळ कंपनीला दुसऱ्या विमानतळाच्या स्पर्धेत अग्रहक्क होता. २०१७ मध्ये नवी मुंबईची निविदा तिनेच जिंकली. २०२१ मध्ये ती कंपनी अदानी समूहाकडे गेली, आणि २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली तेव्हा महानगराच्या दोन्ही विमानतळांचा मालक एकच होता. दुसरा विमानतळ आला, दुसरा पर्याय आला असे मात्र म्हणता येत नाही. बंगळुरूतही तसेच घडावे की घडू नये, हा धोरणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर निविदेच्या मसुद्यात गुपचूप ठरू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

नागपूरचा दाखलाही ताजा आहे. मिहानमधील विमानतळाचा करार निविदा, रद्दबातल निर्णय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा वर्षानुवर्षे फिरून २०२४ मध्ये मार्गी लागला. पुण्याला पुरंदरची प्रतीक्षा आहे आणि तोवर लोहगावात हवाई दलाच्या धावपट्टीवरच प्राधिकरणाच्या नव्या टर्मिनलची भिस्त आहे. या प्रत्येक ठिकाणी येणारा करार पंचवीस-तीस वर्षांचा असेल, म्हणजे पाच-सहा लोकसभांना पुरेल इतक्या मुदतीचा. एवढ्या दीर्घ मुदतीचे बंधन घालण्यापूर्वी मसुदा स्थायी समितीसमोर ठेवावा, स्पर्धाबंदीची अट असल्यास तिचे कारण आणि किंमत जाहीर करावी, आणि सल्लागाराचे काम भागीदाराकडे देऊ नये. या तीन गोष्टींसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. खात्याच्या इच्छाशक्तीची आहे.

एचएएलची धावपट्टी आजही जिवंत आहे. लष्करी आणि खासगी विमाने तेथे उतरतात. चंद्रयान-३ च्या यशानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये शास्त्रज्ञांना भेटायला आलेल्या पंतप्रधानांचे विमान तेथेच उतरले. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर इंदिरानगरात राहणारा प्रवासी मात्र पहाटेच्या पुण्याच्या विमानासाठी रात्रीच घराबाहेर पडतो आणि हेब्बाळच्या पुलावरून देवनहळ्ळी गाठतो. २०२५ अखेरपर्यंत तेथे मेट्रो पोहोचलेली नव्हती. २००४ साली त्याला कोणी विचारले नव्हते. २०३३ पूर्वी तरी विचारले जावे.